कानसेनांना न ऐकू आलेली शीळ

शिंप्याच्या दुकानासमोर एक अरुंद गाळा आहे. खाली दुकान, वर दोन खोल्यांचं घर. गाळ्याचं शटर सकाळी नऊच्या ठोक्याला वर जातं आणि समोरचा शिंपी मशीनवरून मान वर न करता म्हणतो, "वाजले नऊ! कानसेनांनी गल्ली उठवली." दुकानाच्या मालकांना वाटायचं, आपल्या वक्तशीरपणाचं कौतुक चाललंय. ते खुशीत हात वर करायचे.

कानसेन हे नाव त्या शिंप्यानंच ठेवलेलं. पस्तीस वर्षांपूर्वी कुणाच्या तरी गाडीचा रेडिओ खरखरत होता. या मालकांनी भर रहदारीत डोळे मिटून तो ऐकला आणि सांगितलं, "पुढच्या डाव्या दिव्याची वायर पत्र्याला घासतेय." बॉनेट उघडून बघतात तर खरंच घासत होती. शिंप्याच्या हातातली कात्री हातातच राहिली. तेव्हापासून ते गल्लीचे कानसेन झाले. गाडीचा रेडिओ बिघडला की लोक त्यांच्याकडे यायचे. आता माणसं फोनवरच गाणी ऐकतात, त्यामुळे काम पूर्वीसारखं राहिलेलं नाही. पण जे येतं ते कानसेन असं करतात, जणू गाडीवाल्याच्या घरचं कार्य आहे.

त्यांची पद्धत ठरलेली. गिऱ्हाइकाला बाकावर बसवायचं. आपण एकट्यानं गाडीत शिरून दारं लावून घ्यायची. इंजिन बंद ठेवून रेडिओ लावायचा आणि डोळे मिटायचे. तेव्हाच खरखर आली तर बिघाड बहुधा एरियलचा नाहीतर रेडिओचा. इंजिन सुरू केल्यावर आली आणि इंजिनाबरोबर चढत गेली, तर गाडीच्या विजेचा. मग दिवे, मग वायपर, मग पंखा, एकेक लावून बघायचं. घाई नाही. मध्ये कुणी बोललं तर नुसतं बोट वर करायचं.

दुकानात एक पाटीही होती, त्यांच्याच हातानं रंगवलेली : 'गाडीतील आपल्या सर्व वस्तू कृपया सोबत काढून घ्याव्यात.' ती लावायला कारण घडलं होतं. एका गृहस्थाचा चष्मा गाडीतून गेला म्हणून त्यानं दुकानात थयथयाट केला. चष्मा पुढे त्याच्याच घरी फ्रीजवर सापडला, पण तोवर बोभाटा व्हायचा तो झाला. कानसेनांना दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाटी रंगवली.

अशा माणसाचे कान जायला लागले, ते कुणाला कळलं नाही. त्यांनी कळू दिलं नाही.

सुरुवात शिट्टीच्या किटलीपासून झाली. एका सकाळी ते स्वयंपाकघरात वर्तमानपत्र वाचत बसले होते आणि बायको गच्चीवर कपडे वाळत घालत होती. ती धापा टाकत जिना उतरून आली.

"अहो, किटली कधीची बोंबलतेय! पाणी आटून जायची वेळ आली. शेजारच्या वहिनींनी गॅलरीतून हाक मारली मला."

त्यांनी किटलीकडे पाहिलं. तोंडातून वाफेचा झोत निघत होता. शिट्टी मात्र नव्हती. त्यांच्यापुरती नव्हती.

"लक्ष नव्हतं," ते म्हणाले.

"तुमचं लक्ष असतं कधी? घरातलं सगळं एका कानानं ऐकायचं आणि दुसऱ्यानं सोडून द्यायचं."

याला आता दोन वर्षं होऊन गेली होती. जाड आवाज त्यांना नीट यायचे. ट्रकचा भोंगा, शिंप्याचं मशीन, दाराची थाप. बारीक, टोकदार आवाज तेवढे कुठे तरी गळून जायचे. बायको पाठमोरी होऊन बोलली की शब्दांच्या कडा झिजल्यासारख्या वाटायच्या. मग ते 'हं' म्हणायचे. चुकीच्या जागी 'हं' म्हटलं की बोलणी खायचे. बोलणी परवडली, पण खरं सांगणं परवडणार नाही, असं त्यांना वाटे. कानसेनाला ऐकू येत नाही हे एकदा गल्लीत गेलं की शटर खाली ओढायचं आणि वर खिडकीत बसून रस्ता बघायचा. हाताला दुसरं काही येत नव्हतं. बायको रोज पहाटे देवापुढे डोळे मिटून बसायची, तेव्हा तेही मागे उभे राहून मनात एकच मागायचे : आणखी थोडी वर्षं.

अशात एका सोमवारी नर्सबाई आल्या. चाळिशीच्या, केस घट्ट बांधलेले, पायात न वाजणारे बूट. टेकडीपलीकडच्या लहान दवाखान्यात त्या कामाला होत्या आणि रोज सकाळी आपल्या निळ्या गाडीनं तासाभराचा रस्ता तुडवत होत्या.

"काका, माझा रेडिओ बघा हो. नुसती खरखर. गाणं तिच्यात बुडून जातं."

"फोनवर का नाही ऐकत? हल्ली सगळे तेच करतात," कानसेनांनी विचारलं. हे ते प्रत्येकाला विचारत. खरं तर नाही म्हणवून घ्यायला त्यांना आवडायचं.

"फोनवर चालत नाही. आमची पैज असते."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील दूर, मोठ्या मुलाकडे राहत होते. दृष्टी पार गेलेली. उशाशी जुना रेडिओ, तोच त्यांचा सोबती. सकाळी साडेसातला एका लांबच्या केंद्रावर प्रार्थनेची गाणी लागतात. ती वडिलांनी तिकडे ऐकायची, मुलीनं इकडे गाडीत ऐकायची. आठ वाजता मुलगी दवाखान्याच्या अलीकडे वळणावर गाडी थांबवून फोन करायची आणि वडील परीक्षा घ्यायचे. आज तिसरं गाणं कोणतं होतं? दुसऱ्या कडव्याला कोरस होता की नव्हता?

"अकरा वर्षं चाललंय हे," नर्सबाई म्हणाल्या. "आई गेली त्या आठवड्यात सुरू केलं. तेवढंच दोघांचं एकत्र बसणं. आणि आता तीन आठवडे मी रोज नापास. परवा म्हणाले, 'कंटाळा आला असेल तर तसं सांग पोरी, मी रागावणार नाही.' काका, त्यांना वाटतंय मी ऐकतच नाही."

कानसेनांनी फडक्यानं बाक पुसला. "बसा," ते म्हणाले.

बाईंनी पाटी वाचली, गाडीतून आपलं सगळं सामान उचललं, मोठ्या पिशवीत भरलं आणि पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसल्या. अशी आज्ञाधारक गिऱ्हाइकं विरळा.

गाडीत इंजिन बंद असतानाच खरखर होती. दाट, जाड खरखर, त्यांनाही ऐकू येणारी. कानसेनांना हायसं वाटलं. एरियलच्या बुडाचं रबर उचललं तर खाली गंज. पत्र्याशी सांधा उरलाच नव्हता. त्यांनी गंज खरवडला, पत्रा उजळ होईतो घासला, नवी वॉशर घातली, आतल्या वायरीचा सुटत आलेला कथलाचा डाग पुन्हा दिला. रेडिओ लावला. दूरच्या केंद्रावर कुणी तरी शेतीच्या अवजारांबद्दल बोलत होता आणि तो जणू मागच्या सीटवर बसून बोलत होता.

"काका, तुमच्या हातात देव आहे," बाई म्हणाल्या.

बुधवारी त्या परत आल्या. एकदा केलेली गाडी परत येणं कानसेनांच्या दुकानाला माहीत नव्हतं.

"खरखर गेली काका, अगदी गेली. पण आता एक बारीक शीळ येते. चीं करून. गाण्यातले शब्दच खाते ती."

ते गाडीत बसले. डोळे मिटले. इंजिन बंद, इंजिन सुरू, दिवे, वायपर, पंखा. शीळ नव्हती. आता हे नव्हतं म्हणजे गाडीत नव्हतं की कानात नव्हतं? बाईंना बोलावून 'ऐका बरं' म्हणायला काय हरकत होती? पण तसं म्हणायचं म्हणजे पस्तीस वर्षांनी दुसऱ्याचे कान मागायचे. ते त्यांच्यानं झालं नाही. त्यांनी अंदाजानं इंजिनाची अर्थिंगची पट्टी बदलली, रेडिओच्या मागे विजेतला गोंगाट अडवणारी एक गाळणी बसवली आणि छातीठोकपणे सांगितलं, "आता नाही येणार."

शुक्रवारी संध्याकाळी निळी गाडी पुन्हा दारात. बाईंनी काही म्हणायच्या आत कानसेनांना कळलं. त्या तक्रार करत नव्हत्या, तेच जास्त लागत होतं.

"येतेच का?"

"येते, काका. उलट खरखर गेल्यामुळे जास्तच कळते."

कानसेनांनी हात पुसायचं फडकं घेतलं, हात पुसले, पुन्हा पुसले. मग खाली बघत म्हणाले, "बाई, तुम्ही दुसरीकडे दाखवा."

कानसेनांची बायको चहा घेऊन जिन्यावरून उतरत होती. ती तिसऱ्या पायरीवर थांबली. संसाराच्या इतक्या वर्षांत हे वाक्य तिनं या दुकानात ऐकलं नव्हतं. ट्रेमधल्या कपांवरून वाफ निघत राहिली आणि ती नवऱ्याच्या खांद्यांकडे बघत राहिली. ते एकदम लहान दिसत होते.

"दुसरीकडे कुठे?" ती उतरत म्हणाली. "दुसरीकडे कोण आहे? बाई, चहा घ्या आधी. आणि मला सांगा, ही शीळ नक्की केव्हा येते?"

"रोज सकाळी. निघाल्यापासून दवाखान्यापर्यंत."

"आणि इथे दुकानात?"

नर्सबाई कप हातात धरून विचारात पडल्या. "इथे मी गाडीत बसून ऐकलंच नाही कधी. काका मला बाकावर बसवतात ना."

"मग झालं तर. उद्या आम्ही दोघं तुमच्याबरोबर येतो. तुमच्या वेळेला, तुमच्या रस्त्यानं. दुखणं जिथे होतं तिथे हात लावून बघायला हवा, की नाही हो?"

शेवटचं कानसेनांना होतं. त्यांना अर्धंच कळलं. ते म्हणाले, "हं."

रात्री त्यांना जेवण गेलं नाही. बायकोनं त्यांची जाड बंडी काढून खुर्चीवर ठेवली, सकाळी टेकडीवर गारवा असतो म्हणून.

सव्वासातला निळी गाडी आली. कानसेन पुढे, बायको मागच्या सीटवर मधोमध. नर्सबाईंनी पिशवी मागे ठेवली, तिच्यातून एकदोन वस्तू काढून आपापल्या जागी लावल्या, पट्टा बांधला आणि गाडी निघाली. गल्ली संपली, मोठा रस्ता लागला, मग घरं विरळ झाली. साडेसातला बाईंनी रेडिओ लावला.

पहिलं गाणं सुरू झालं. कानसेनांनी डोळे मिटले. बाईचा भरदार आवाज, खाली पेटी, मागे संथ ठेका. स्वच्छ. नितळ पाण्यासारखं. त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी हसून डोळे उघडले.

आरशात बायको दिसली. देवापुढे बसते तशी ती डोळे मिटून बसली होती, पण कपाळावर आठी होती.

"अगंबाई, हे काय किरकिरतंय?" ती म्हणाली.

"हीच ती," नर्सबाई म्हणाल्या. "ऐकलीत ना काकू? ऐकलीत ना काका?"

दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं. गाडी चालली होती, गाणं चाललं होतं. नितळ, सुरेख गाणं. 'हो, ऐकली' म्हणणं अगदी सोपं होतं. दोन वर्षं ते हेच तर करत होते.

"गाडी बाजूला घ्या," कानसेन म्हणाले.

बाईंनी एका झाडाखाली गाडी उभी केली. कानसेनांनी समोरच्या काचेकडे बघत सांगितलं, "मला ऐकू येत नाहीये. तुम्हाला येतंय ते. मला नुसतं गाणं येतंय. आज नाही, दोन वर्षं झाली. किटलीसुद्धा मला ऐकू आली नव्हती तेव्हा."

पहिलं गाणं संपलं. निवेदक काही तरी सांगू लागला.

मागून एक हात आला आणि त्यांच्या खांद्यावर बंडीवर टेकला. "आणि मी तुम्हाला काय काय बोलले," बायको म्हणाली. "मला वाटायचं, तुम्ही माझं ऐकत नाही."

"मला वाटायचं, तू पुटपुटतेस."

"मी? पुटपुटते? माझा आवाज शिंप्याच्या दुकानात जातो!"

नर्सबाईंना हसू आवरेना. आणि काय झालं कोण जाणे, कानसेनही हसले. कित्येक महिन्यांनी छातीत मोकळी जागा झाल्यासारखी वाटली. त्यांनी बाह्या सरसावल्या.

"हं, चल. दुसरं गाणं लागेपर्यंत काम करू. बाई, इंजिन बंद करा, रेडिओ चालू ठेवा. अगं, तू डोळे मीट. काय ऐकू येतं ते सांग. अंदाजानं नाही, नीट."

"आहे अजून. आधण उकळायच्या आधी पातेलं जसं बारीक सूं करतं ना, तसं."

"इंजिन बंद असूनही? चढतंय-उतरतंय का?"

"नाही. सारखं एका सुरात."

"मग इंजिनाचा दोष नाही," ते पुटपुटले आणि स्वतःवरच चिडले. पट्टी उगाच बदलली होती. "पंखा बंद करा. आता?"

"आहे."

"दिवे?"

"आहे हो. काय चिवट आहे मेली!"

रेडिओ सोडला तर सगळं बंद होतं. विजेवर चालणारं गाडीत दुसरं काही उरलं नव्हतं, तरी बायको मान हलवत होती. कानसेन डॅशबोर्डवरून बोटं फिरवू लागले. कान नसले तरी बोटं होती. रेडिओच्या कडेवरून, खणावरून, गिअरच्या पुढे खाली. तिथे बोट कशाला तरी अडलं. लायटरच्या सॉकेटमध्ये एक टिचभर चार्जर खोचलेला होता. त्याचा निळा दिवा मिणमिणत होता.

"हे काय? हे माझ्या दुकानात नव्हतं."

"फोनचा चार्जर आहे. महिना झाला, नवा घेतला."

"दुकानात कुठे असतो हा?"

"पिशवीत," नर्सबाई म्हणाल्या. "तुमच्या पाटीवर लिहिलंय ना काका, सर्व वस्तू काढून घ्याव्यात. मी दर वेळी फोन, चार्जर, छत्री, सगळं घेऊन बसते."

कानसेनांनी वळून मागच्या सीटवरच्या पिशवीकडे पाहिलं. मग त्यांनी तो दोन बोटांत धरून ओढला.

"गेलं!" बायको ओरडली.

पुन्हा खोचला.

"आलं!"

ओढला.

"गेलं! अहो, गेलं! साफ!"

तीनदा त्यांनी तो काढला आणि घातला. खरं तर दोनदा पुरलं असतं. त्यांच्या दुकानात ही शीळ कधी आलीच नव्हती. तिथे ती कुणालाच ऐकू आली नसती, देवालासुद्धा. त्यांच्याच पाटीनं ती प्रत्येक वेळी पिशवीत घालून त्यांच्यासमोर बाकावर बसवली होती. बाई पहिल्यांदा तीन आठवडे म्हणाल्या होत्या आणि चार्जर महिन्याचा होता. गंजाची खरखर इतकी दाट होती की तिच्याखाली ही शीळ लपून बसली होती. हे सगळं त्यांनी मनात जुळवलं आणि क्षणभर वाटलं, म्हणजे माझा दोष नव्हता. पण दोष नसला तरी इथे, या सीटवर, चार्जर लावलेला असताना त्यांना ती ऐकू आली नव्हती. तेही तितकंच खरं होतं. आता ते लपवायचं नव्हतं, एवढाच फरक.

तिसरं गाणं लागलं तेव्हा गाडी वळणं चढत होती. आठ वाजता नर्सबाईंनी नेहमीच्या जागी गाडी थांबवली आणि फोन लावून तो मधोमध धरला.

"बोल पोरी," पलीकडचा आवाज थकलेला होता. परीक्षा घ्यायची उमेद उरली नसावी. "आज कशी आहेस?"

"बाबा, विचारा ना."

पलीकडून प्रश्न आला, "तिसरं कोणतं होतं?"

"पहाटेचं होतं. पुरुषाचा आवाज. आणि दुसऱ्या कडव्याला कोरस नव्हता, तिसऱ्याला होता. शेवटी घंटा वाजली, एकदाच."

पलीकडे रेडिओ बंद केल्याचा खटका वाजला. मग म्हातारा म्हणाला, "दोनदा वाजली. पण चल, पास."

कानसेनांच्या बायकोनं पदर डोळ्यांना लावला आणि हळूच म्हणाली, "दोनदाच वाजली होती."

दवाखान्यात पोचल्यावर नर्सबाईंनी त्यांना परतीच्या बसला सोडलं नाही. "आलाच आहात तर कान दाखवून जा. माझ्या गाडीला तुम्ही तीनदा हात लावलात. आता माझी पाळी." डॉक्टरीणबाईंनी कानात उजेड टाकून पाहिलं आणि पुढच्या तपासणीसाठी शहराच्या दवाखान्यात चिठ्ठी दिली. महिन्यानं कानसेनांच्या दोन्ही कानांमागे शेंगदाण्याएवढी यंत्रं बसली.

दरम्यान दुकान बंद राहिलं नाही. गिऱ्हाईक बाकावर, कानसेन बॉनेटमध्ये आणि पुढच्या सीटवर डोळे मिटून त्यांची बायको. "आता तेलात पाणी पडल्यासारखं तडतडतंय," असं ती आतून सांगायची आणि कानसेन 'दिव्याची वायर' म्हणून पाना उचलायचे. शिंपी म्हणाला, "आता आम्ही कानसेन कुणाला म्हणायचं?" "दोघांना म्हणा," कानसेन म्हणाले, "अर्धा-अर्धा." पाटीखाली त्यांनी दुसरी ओळ रंगवली : 'चार्जर असल्यास तो मात्र जागेवर राहू द्यावा.'

यंत्रं बसवून आणली त्याच्या दुसऱ्या सकाळी नऊला ते खाली उतरले, कडी काढली आणि शटर वर ढकललं. मग जागच्या जागी थिजले. हात वर तसाच. ते शटर अर्ध्यावर, कुणी मांजराच्या शेपटीवर पाय द्यावा तसं किंचाळलं होतं.

"अगं ए!" त्यांनी वर हाक मारली. "हे शटर असं कधीपासून ओरडतं?"

बायको अर्धा जिना उतरून आली. "दोन वर्षं झाली. रोज सांगत होते मी."

"मी काय म्हणायचो?"

"'हं' म्हणायचात."

समोर शिंप्यानं मशीन थांबवलं होतं आणि तो तोंडावर हात धरून बसला होता. कानसेनांनी त्याच्याकडे पाहिलं, शटरकडे पाहिलं, आणि दोन वर्षांच्या कौतुकाचा अर्थ त्यांना एकदम लागला. ते तेलाचा डबा शोधायला आत वळले.

"सगळं तेल घालू नका," बायको वरून म्हणाली. आवाज खूप हळू होता, ती पाठमोरी होऊन पायऱ्या चढत होती. "थोडंसं वाजू दे. वरून मला कळतं, तुम्ही दुकान उघडलंत ते."

त्यांना शब्द न् शब्द ऐकू आला. त्यांनी एकाच बाजूला तेल घातलं.